घटसर्पाची बाटली

मुलीच्या कुत्र्याला लस द्यायला मे महिन्याच्या शेवटी मी कोपरखैरण्यातल्या एका दवाखान्यात गेले. पावसाळ्याआधी लेप्टोची लस घ्या, असा मेसेज त्यांनीच पाठवला होता. बाकावर सात-आठ कुत्री आपापल्या माणसांना घेऊन बसली होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, सॉरी हां, स्टॉक संपला. या टायमाला डिमांड एवढी वाढते ना, कंपनीवालेच देत नाहीत. मंडेला या." मी बरं म्हटलं आणि तिथेच बसून राहिले. कुत्रं दोरी ओढत होतं, त्याला घरी जायचं होतं, मलाही जायचं होतं.

हेच वाक्य एके काळी मी स्वतः म्हणत असे. दवाखान्यात नव्हे, रबाळ्याला, लस बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत, काळ्या फोनच्या तोंडाशी जवळजवळ ओरडून. साल नेमकं सांगता येणार नाही. ऐंशी उलटून गेलं होतं, वाशीचा खाडीपूल होऊन बरीच वर्षं झाली होती आणि रेल्वे अजून यायची होती. मी पॅकिंगमध्ये होते. बाटलीला लेबल लावायचं, बूच तपासायचं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरायचा, भुसा टाकायचा, खोकं बांधायचं. फोन उचलणारा माणूस जेवायला गेला की फोनही उचलायचा. पलीकडून लातूर बोलत असे, सांगली बोलत असे, कुठल्या तरी दूध संघाचा चेअरमन बोलत असे. सगळ्यांना एकच हवं असे, घटसर्पाची लस. पाऊस पडला की गुरांच्या गळ्याखाली सूज येते, श्वास घरघरायला लागतो आणि जनावर दिवसा-दीड दिवसात जातं, तो घटसर्प. लस टोचायची तर पावसाआधी टोचायची. म्हणून मे महिना आला की आमचे हात लेबलांच्या खळीने चिकट आणि बर्फाने बधिर, दोन्ही एकदम असायचे.

त्या वर्षी मागणी इतकी का वाढली हे मला कळत नव्हतं. कंपनीतले केमिस्ट साहेब सांगत, संकरित गाई आल्यात, महाग जनावर आहे, लोक आता जपतात. खरं असेल. पण संध्याकाळी घरी जाताना बसच्या खिडकीतून दिसायचं ते वेगळंच. महाप्यापासून खाली खाडीपर्यंत गोठे रिकामे होत होते. नव्या शहरासाठी जमिनी सरकारने घेतल्या होत्या, मोजणीचे दगड रोवले होते, आणि ज्यांची शेती गेली ते बैल विकत होते. दिवसभर मी हजारो गुरांची लस बांधायचे आणि घरी येताना एकेक गोठ्यात स्कूटर उभी दिसायची. मग ही गुरं आहेत तरी कुठे, असं मला वाटायचं. विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तर लोक हसले असते.

मी परभणीकडची. आमच्या घरात कधी गाय नव्हती. गुरांशी आमचा संबंध गुरं मेल्यावर येत असे. माझ्या आजोबांपर्यंत गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे आमच्या वस्तीकडे होतं. मग सगळ्या वस्तीने दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं. त्यासाठी आजोबांनी मारही खाल्ला होता. मला लशीच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा वडिलांचं पत्र आलं. पत्र शेजारच्या मास्तरांनी लिहिलं होतं, पण शब्द वडिलांचेच होते. "आज्यानं मेलेली ओढली, तू जित्ती राख." ते पत्र मी बरीच वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं. आता कुठे गेलं कोण जाणे.

तुर्भ्याच्या कारखान्यात नवऱ्याला काम होतं आणि आम्ही कोपरखैरण्याच्या जुन्या गावात एका आगरी घराची मागची खोली भाड्याने घेतली होती. घरमालकीण हिराकाकी. खाडीतली कोळंबी आणि बोयरं घेऊन ती बाजारात बसायची. तिचा नवरा, आम्ही त्याला काका म्हणायचो, मिठागरावर मुकादम होता आणि पावसाळ्यात भात लावायचा. त्यांचीही जमीन कागदावर गेली होती. पण कागद झाला तरी इमारत उभी राहीपर्यंत शेत मोकळंच होतं, म्हणून काका दर वर्षी लावणी करायचा. त्याच्या दारात चांद्या आणि लाल्या ही जोडी होती. गावात तोवर जेमतेम वीस-पंचवीस जनावरं उरली असतील. लोक काकाला म्हणत, "इकून टाक रं, कनाला पोसतोस." काका म्हणायचा, "जोडी हाय तवर मी शेतकरी हाय. ती गेली का मंग मी कोन?" हे तो रागाने म्हणत नसे. खरंच विचारत असे.

त्या दिवसांचा वास अजून येतो. पावसाआधी मिठाच्या राशी गवताने शाकारून ठेवत, त्या तापलेल्या गवताचा वास. अंगणात पसरलेल्या सुकटाचा. माझ्या हाताला कंपनीच्या फिनेलचा वास असे, तो साबणाने जात नसे. हिराकाकी माझा हात नाकाशी नेऊन म्हणायची, "तुजे हाताला दवाखान्याचा वास येते गो, मच्छी कापू नको आमची." आणि हसायची. आम्ही कुठले, कोण, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणी वाईट वागलं नाही. पण नावाने हाक कुणी मारत नव्हतं. 'भाडोत्रीन' म्हणत. विहिरीवर मी गेले की बायका घडाघडा बोलत असायच्या त्या जरा हळू बोलायच्या, एवढंच. हिराकाकी आणि काका तेवढे लता म्हणायचे.

सरकारी दवाखान्याचा टोचणारा माणूस दर वर्षी यायचा. तो डॉक्टर नव्हता, पण सगळे डॉक्टर म्हणत. त्या वर्षी त्याने सांगितलं की लस आलेली नाही, कधी येईल सांगता येत नाही. मग काकानेच विचारलं, "लता, तुज्या कंपनीत हाय ना?" मी केमिस्ट साहेबांच्या मागे लागले. स्टॉक नव्हताच, पण एका खोक्यातून जादा राहिलेली एक मोठी बाटली त्यांनी काढून दिली. एवढ्या एका बाटलीत आमच्या गावची सगळी गुरं झाली असती. मी टोचणाऱ्याला निरोप धाडला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं म्हणाला. मग मी घरोघर जाऊन सांगितलं की जनावरं घेऊन देवळापाशी या. सुईने दूध आटतं म्हणून लोक नाखूश असायचे, त्यांना समजावलं. मी, परभणीची लता, आगऱ्यांच्या पडवीत उभी राहून बोलत होते आणि ते ऐकत होते. त्याचा मला केवढा आनंद झाला होता, हे आज लिहायला थोडी लाज वाटते.

बाटली आदल्या संध्याकाळी घरी आणली तेव्हा खोक्यातला बर्फ निम्मा वितळला होता. आमच्याकडे फ्रीज नव्हता, गावात कुणाकडेच नव्हता. हिराकाकीची मच्छीची पेटी होती. लाकडी, आतून पत्र्याची, तिच्यात बाजारातून आणलेला बर्फ असायचा. मी बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "काकी, ही गार राहिली पाहिजे. जितकी गार तितकी चांगली."

हे माझे शब्द आहेत. जितकी गार तितकी चांगली. रोज शेकडो बाटल्यांवर मी जे लेबल चिकटवत होते त्यावर लिहिलेलं होतं, वापरण्यापूर्वी हलवा, गोठवू नका. गोठली की ही लस बिघडते, हे कंपनीत झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. काकीला वाचता येत नव्हतं, आणि मला तोंडाने सांगायचं सुचलं नाही. का सुचलं नाही, हे मला आजही समजत नाही. बहुतेक मी मनातल्या मनात उद्या सकाळी देवळासमोर उभी होते.

सकाळी काकी बाटली घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता. "ही बघ," ती म्हणाली, "कशी गार ठेवली. नुसत्या बरफाचा काय, सकालपत्तुर पानी होते. दोन मुठी मीठ टाकला वरशी. आमी मच्छीला तसाच करतो." मिठागरावरची बाई ती, बर्फात मीठ टाकलं की तो जास्त गार होतो हे तिला आईच्या पोटातून येतानाच माहीत असावं. मी बाटली हातात घेतली. ती दगड झाली होती. आतलं सगळं गोठून काचेला चिकटलं होतं.

"लई गार झाली का?" काकीने विचारलं.

"नाही, ठीक आहे," मी म्हणाले.

काकीने ती बाटली परत घेतली आणि पदरात गुंडाळून काखेत धरली. देवळापाशी टोचणाऱ्याची वाट बघण्यात तास गेला, तोवर ती वितळली. तिथे सगळी गुरं आली होती. चांद्याच्या शिंगांना काकाने तेल लावलं होतं, का ते विचारू नका, सुईला कसला मान. कुणी तरी मला बसायला खुर्ची आणून दिली. लोखंडी घडीची खुर्ची, देवळातली. मी नको म्हटलं तर एक म्हातारा म्हणाला, "बस गो लता, तुज्यामुले तर झाला सगला." काकीचं घर सोडलं तर गावात पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याने माझं नाव घेतलं.

टोचणाऱ्याने बाटली हलवली, उजेडात धरली. चांगली लस हलवली की एकसारखी गढूळ होते. ही झाली नव्हती. आत बारीक बारीक कण फिरत होते, फाटलेल्या दुधासारखे. "जरा दाट वाटते," तो म्हणाला. "बर्फात होती ना?"

"बर्फातच होती," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही. काकी शेजारी उभी होती. मी खरं सांगितलं असतं तर वीस माणसांसमोर तिचा तो फुललेला चेहरा उतरला असता. दुसरी बाटली मिळणार नव्हती. आज गुरं परत पाठवली तर पुन्हा कुणी आणणार नव्हतं. आणि खुर्चीही होती. यातलं कुठलं कारण खरं होतं आणि कुठलं मी नंतर जोडलं, याचा मी खूप वेळा छडा लावायला बसले आहे. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. टोचणाऱ्याने खांदे उडवले आणि सुई भरली. त्यालाही आणखी दोन गावं करायची होती.

पाऊस वेळेवर आला. लावणी अर्ध्यावर असताना एका सकाळी चांद्याने वैरण सोडली. दुपारपर्यंत त्याचा गळा सुजला. तो मान लांब करून उभा होता आणि त्याचा श्वास मागच्या खोलीत मला ऐकू येत होता. काका त्याच्या गळ्यावर गरम पाण्याची फडकी ठेवत होता, टोचणाऱ्याला बोलवायला माणूस गेला होता, काकी मला म्हणत होती, "तुजी लस टोचलीय ना त्याला, मंग व्हयाल बरा." मी हो म्हणत होते. संध्याकाळच्या आत चांद्या गेला.

त्याला शेतातच पुरला. आमच्या मुलखात असं जनावर गेलं की कुणाला हाक मारायचे ते मी सांगितलंच आहे. इथे काका आणि त्याचे भाऊबंद स्वतः कुदळी घेऊन चिखलात उतरले. माझ्या नवऱ्याला कुणी बोलावलं नाही. चांगुलपणाने बोलावलं नाही की परका म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. तो आपला उंबऱ्यात उभा राहिला, मग चप्पल काढली आणि न बोलावताच गेला, आणि खणायला लागला. त्याचे वडीलही ते काम सोडून आलेले. मला रडू आलं ते तेव्हा. रोगाचं जनावर पुरताना चुना टाकतात, चुना नव्हता. काकीने दोन टोपल्या मीठ आणून खड्ड्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी केमिस्ट साहेबांना विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "साहेब, लस गोठली तर काय करायचं?"

"फेकून द्यायची."

"आणि कुणी चुकून टोचलीच तर? थोडी तरी लागू पडते का?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे पडू शकते?"

"सांगता येत नाही म्हटलं ना," ते म्हणाले. "चांगली लस टोचूनसुद्धा एखादं जनावर जातं. सगळ्यांच्या अंगात सारखी ताकद नसते. काहींच्या अंगात रोग आधीच शिरलेला असतो. का, काही कंप्लेंट आली का?"

"नाही," मी म्हणाले. तक्रार आली नव्हतीच.

उलट झालं ते मला अजून उलगडलेलं नाही. आमच्या गावात चांद्या सोडून एकही जनावर गेलं नाही. डोंगराच्या बाजूच्या एका गावात, जिथे लस पोचलीच नव्हती, तिथे मात्र बरीच गेली. मग त्या फाटलेल्या लशीने काही तरी केलं का? की आमच्याकडे रोग नुसता शिवून गेला, आणि चांद्या तेवढा सापडला? बिघडलेली लस टोचून वीस वाचली आणि एक मेला, तर हिशेब कुणाच्या नावावर धरायचा? लोकांनी तो माझ्या नावावर धरला. ज्याचा बैल गेला तो काकाच सगळ्यांना सांगत फिरला, "एकच गेला. बाकीची वाचली ती लताचे लशीनी." तेव्हापासून मी भाडोत्रीन राहिले नाही, लसवाली झाले. विहिरीवर बायका माझ्यासमोर मोठ्याने बोलायला लागल्या. जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मला ते तोंडात घेऊन गिळता येईना.

काकाने उरलेली लावणी दुसऱ्याचे रेडे आणून उरकली. दिवाळीनंतर लाल्या विकला. पुढच्या वर्षी काका महाप्याच्या एका कारखान्याच्या गेटवर खाकी घालून बसला होता. मी बसमधून जाताना हात करायचे, तोही करायचा. जोडी गेल्यावर आपण कोण, हे त्याला कळलं की नाही ते मी विचारलं नाही. कंपनीत मागणी वाढतच गेली. मोठी थंड खोली बांधली, नव्या मुली आल्या, मी त्यांची सुपरवायझर झाले. नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट इतक्यांदा बजावायचे की त्या माझ्यामागे नक्कल करून हसत. गोठवू नका, गोठवू नका. मी त्यांना हसू द्यायचे.

आम्ही पुढे सोसायटीत घर घेतलं, पण काकीकडे जाणं सुटलं नाही. काका जाऊन पंधराएक वर्षं झाली. जुन्या घराच्या जागी मुलांनी चार मजली इमारत बांधली आहे, तिसऱ्या मजल्यावर काकी असते. गेल्या वर्षी मेमध्ये गेले तेव्हा तिच्या नातवाची नवी बायको घरात होती. काकी तिला म्हणाली, "हिच्या पाया पड. ही लसवाली. हिनी गाव वाचवला." ती पोर खरोखर वाकली. मला ते सोसवेना. इतकी वर्षं सोसलं होतं, त्या दिवशी का सोसवलं नाही, देव जाणे. पोर चहा करायला आत गेल्यावर मी काकीला सगळं सांगून टाकलं. बाटली गोठली होती, गोठलेली लस बिघडते, मला सकाळीच कळलं होतं, मी गप्प बसले. माझी चूक होती काकी, चांद्या माझ्यामुळे गेला.

बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. हेही लिहायला हवं. अगदी हलकं वाटलं.

काकी म्हणाली, "मंजे मीठ टाकला म्हनून ती गोठली."

"मी नीट सांगितलं नव्हतं ना तुम्हाला."

"पन मीठ मी टाकला."

"काकी, तुम्हाला काय माहीत. मला माहीत होतं."

"मंजे त्याला मीच मारला," काकी म्हणाली.

मी पुष्कळ समजावलं. केमिस्ट साहेब काय म्हणाले होते ते सांगितलं, चांगल्या लशीनेही जनावर जातं हे सांगितलं, बाकीची वीस वाचली हे सांगितलं. ती मान हलवत राहिली. चाळीस वर्षं माझ्याकडे असलेलं ओझं मी त्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर ठेवलं होतं आणि आता ते परत उचलता येत नव्हतं. खरं बोलणं चांगलं, असं आपण मुलांना शिकवतो. मीही शिकवलं. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता बोलले, आणि आता गप्प बसायला हवं होतं की काय, मला काही कळत नाही.

कुत्र्याला सोमवारी लस मिळाली. तिथून मी तशीच काकीकडे गेले. ती आता बरंच विसरते. नातसुनेला मुलीच्या नावाने हाक मारते, काका बाजारात गेलाय म्हणते. मला मात्र ओळखलं. जवळ बसवून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि गेल्या वर्षभरात जे प्रत्येक वेळी विचारते तेच विचारलं.

"लता, किती मीठ टाकला होता गो मी?"

"चिमूटभर, काकी. तेवढ्याने काही होत नसतं."

"नाय गो," ती म्हणाली. "दोन मुठी."